गालावरचा हिरवा रंग

चित्रातल्या चेहऱ्याचा अर्थ लावायला बसलं की पहिला घात करतो तो रंगांचा तयार तक्ता. लाल म्हणजे राग नाहीतर प्रेम, निळा म्हणजे उदासी, पिवळा म्हणजे आनंद, काळा म्हणजे मृत्यू, हिरवा म्हणजे मत्सर. शाळेच्या प्रकल्पवहीत, व्हॉट्सॲपवर, 'रंग निवडा, स्वभाव ओळखा' छापाच्या चाचण्यांत हा तक्ता फिरत असतो. हिरवा म्हणजे मत्सर हे हिरवा चुडा भरून बसलेल्या नवरीसमोर म्हणून पाहा.

लाल रंगाची गोष्ट तर आणखी गुंत्याची. कुंकू, शालू, सौभाग्य ही लालची आपल्याकडची ओळख खरी. पण जुन्या मराठी ब्राह्मण घरांत केशवपन केलेली विधवा जे आलवण नेसायची, तेही लालच असायचं. तेव्हा शंभरेक वर्षांपूर्वीच्या एखाद्या चित्रात कुणी वृद्ध स्त्री लाल लुगड्यात दिसली, तर तिच्या डोक्यावरचा पदर, कपाळ आणि मनगटं पाहिल्याशिवाय 'सौभाग्याचं प्रतीक' असं लिहून मोकळं होऊ नका. नेमका उलटा अर्थ निघायचा.

माझं म्हणणं एवढंच, की रंगाचा अर्थ शेवटी लावायचा. त्याआधी तीन साध्या शंका फेडून घ्यायच्या: हा रंग उजेडामुळे आलाय का, रंगाच्या डबीमुळे किंवा काळामुळे आलाय का, आणि चित्र ज्या लोकांचं आहे त्यांच्या रिवाजामुळे आलाय का. या तिन्हींतून जे उरतं ते चित्रकाराचं स्वतःचं. बहुतेक वेळा ते आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा थोडं असतं आणि कितीतरी जास्त रोचक असतं.

उजेडापासून सुरुवात करू, आणि त्यासाठी असं चित्र घेऊ जे तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताच्या पंजाने ज्योत झाकणारी साडीतली स्त्री. कॅलेंडरवर, फोटोफ्रेमच्या दुकानात, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर ती असते आणि खाली बरेचदा राजा रविवर्म्याचं नाव असतं. ते चुकीचं आहे. चित्र सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. 1945-46 च्या सुमारास त्यांनी ते जलरंगात केलं, आणि दिवा धरून उभी राहिली होती ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे.

आता त्या चेहऱ्यावरचा केशरी-पिवळा रंग पाहा. 'आशेचं प्रतीक' असं म्हणायचा मोह होतो. चित्र ओळखलंही जातं आशेच्याच नावाने. पण आधी डोळ्यांनी पाहा की हा उजेड येतो कुठून. ज्योत आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, पंजाआड आहे. दिसतं ते बोटांतून झिरपणारं लालसर तेज. म्हणजे बोटांचा लाल हा रक्तामांसातून आलेल्या प्रकाशाचा लाल आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर हात धरा, तोच रंग मिळेल. चेहऱ्यावरचा केशरी तेलाच्या दिव्याचा. मागच्या भिंतीवर तिची सावली पडली आहे. इथवर प्रतीक कुठेच नाही, सगळा उजेडाचा हिशोब आहे.

प्रतीक सुरू होतं ते यानंतर. जलरंगात शुभ्र जागा रंगवत नाहीत, तिथला कागद कोरा राखतात. एकदा गडद रंग बसला की तैलरंगासारखं वर पांढरं चढवून चूक झाकता येत नाही. म्हणजे या चित्रातला सगळ्यात तेजस्वी भाग चित्रकाराने न रंगवता सांभाळून ठेवलेला आहे. आणि चित्रातली मुलगी काय करते आहे? तीही उजेड सांभाळतेच आहे. आशा वगैरे शब्द तुम्हाला वापरायचा असेल तर तो केशरी रंगाच्या आधाराने वापरू नका, त्या पंजाच्या आधाराने वापरा. माझ्या मते चित्राचं मर्म चेहऱ्यात कमी आणि हातात जास्त आहे. चेहऱ्याचं चित्र पाहताना हात विसरू नयेत याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

उजेड ओळखायची एक युक्ती आहे. जाडसर करड्या किंवा पांढऱ्या कागदाला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. एक डोळा मिटून त्या भोकातून चित्रातला गाल पाहा, मग हनुवटीखालची सावली, मग कानाची पाळी. भोकातून फक्त रंगाचा ठिपका दिसतो, चेहरा दिसत नाही, आणि मन फसवायचं थांबतं. 'गव्हाळ' वाटलेला गाल एका ठिकाणी गुलाबी, दुसऱ्या ठिकाणी हिरवट-करडा आणि जबड्याखाली चक्क जांभळा निघतो. हा हिरवा किंवा जांभळा बहुधा भावनेचा नसतो. उबदार उजेडातल्या गालाशेजारी सावली थंड रंगाची केली की गाल गोल दिसतो आणि जिवंत वाटतो. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात, याची शास्त्रशुद्ध मांडणी शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये केली. करड्या रंगाचा एकच तुकडा लाल कापडावर ठेवला तर हिरवट भासतो आणि हिरव्यावर ठेवला तर तांबूस. म्हणून चेहऱ्याचा रंग कधी एकटा पाहू नका. मागची भिंत, अंगातलं कापड, केस यांच्यासकट पाहा.

दुसरी शंका रंगाच्या डबीची. याकडे लेखांतून फारसं कुणी लक्ष देत नाही आणि सगळ्यात मोठे घोळ इथेच होतात.

इटलीतल्या सिएना शहरात तेराव्या-चौदाव्या शतकात लाकडी फळ्यांवर जी धार्मिक चित्रं झाली, त्यांतल्या माता मेरीचे चेहरे आज हिरवट दिसतात. कुणाला ती दुःखाने विवर्ण झाल्यासारखी वाटते. कारण वेगळंच आहे. त्या काळचे चित्रकार त्वचेखाली आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर देत आणि वर गुलाबी छटा चढवत. शतकानुशतकं घासून-पुसून वरचा गुलाबी पातळ झाला आणि खालचा हिरवा वर आला. इंग्लंडमध्ये चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या बाबतीत याच्या उलट झालं. त्याने गालांसाठी वापरलेला किरमिजी रंग उजेडात टिकणारा नव्हता. तो उडाला आणि त्याने रंगवलेली कित्येक धडधाकट माणसं आज पांढरीफटक दिसतात. आपल्याकडच्या लघुचित्रांत शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाने काळवंडतो, तेव्हा चेहऱ्यावरचा एखादा काळा डाग मुळात उजळ जागेचा असू शकतो. अजिंठ्याच्या चित्रांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जतनासाठी लाखेचा लेप दिला गेला होता. तो पिवळा पडला आणि मूळ रंगांवर एक तपकिरी झाक बसली. त्या झाकेला 'प्राचीन गूढता' म्हणणारे लेख मी वाचलेले आहेत.

छापील चित्रांचं तर विचारू नका. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवदेवतांची चित्रं दगडी ठशांवरून, एकेका रंगासाठी वेगळा ठसा करून छापत. शाई थोडी जास्त बसली की लक्ष्मीचा गाल जास्त गुलाबी. तुमच्या घरातल्या जुन्या तसबिरीत सरस्वती फिकट वाटत असेल, तर आधी ती कोणत्या भिंतीवर होती आणि तिथे ऊन यायचं का ते आठवा. मोबाइलवरच्या चित्रात तर पडद्याची सेटिंगही आली. ज्यांना चित्रावर गंभीरपणे लिहायचं आहे त्यांनी एकाच चित्राच्या तीन-चार वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. सगळ्या प्रतींत जो रंग टिकतो त्यावरच विधान करावं.

तिसरी शंका रिवाजाची, आणि इथे मीरा-भाईंदरकरांची चैन आहे. चित्रांचं काही पाहायचं तर चर्चगेटची गाडी धरायची, अशी आपली समजूत असते. पण रंगाचे वेगवेगळे रिवाज आपल्याच शहरात रोज पुजले जातात.

भाईंदर पश्चिमेला बावन जिनालय आहे. जैन परंपरेत तीर्थंकरांचा वर्ण ठरलेला आहे: चोवीसांपैकी पद्मप्रभ आणि वासुपूज्य लाल, चंद्रप्रभ आणि सुविधिनाथ शुभ्र, मल्लिनाथ आणि पार्श्वनाथ निळे-हिरवे, मुनिसुव्रत आणि नेमिनाथ काळे, बाकीचे सोळा सोनेरी. पटावर रंगवलेले सगळे चेहरे सारखेच शांत असतात, कान सारखेच लांब असतात; कोण कोणता ते वर्णावरून आणि खालच्या लांछनावरून, म्हणजे चिन्हावरून, कळतं. इथे हिरवा चेहरा भावनेबद्दल काही सांगतच नाही, तो नाव सांगतो. डोळेही पाहा. श्वेतांबर मूर्तीचे डोळे टपोरे, वरून बसवलेले असतात आणि समोरच्याकडे पाहतात. दिगंबर मूर्तीची नजर अर्धी मिटलेली असते. एका डोळ्यावरून पंथ कळतो. एखाद्या चित्रात ते रोखलेले डोळे 'भेदक' वाटले तर तो तुमचा अनुभव झाला, चित्राचा हेतू नव्हे.

तिथून उत्तनला या. तिथल्या कॅथलिक घरांत वाढलेल्या माणसाला रंगांचं पंचांग न शिकवता येतं: प्रायश्चित्तकाळात आणि आगमनकाळात धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा, रक्तसाक्षींच्या सणाला लाल, ईस्टरला पांढरा, एरवी हिरवा. जांभळा आला की तपश्चर्या, हा अर्थ तिथे कोणी पुस्तकातून काढलेला नसतो. युरोपीय चित्रांत माता मेरीच्या खांद्यावर निळा झगा का, याचं एक उत्तर धर्मात आहे आणि एक बाजारात. तो निळा लाजवर्दापासून व्हायचा, लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा आणि भलताच महाग पडायचा. कोणत्या प्रतीचा निळा वापरायचा हे चित्र करवून घेणारे करारातच लिहून घेत. म्हणजे निळा ही भक्ती होती आणि ऐपतही. तामिळनाडूतल्या वेलंकनीच्या परंपरेत मात्र हीच माता साडीत असते, जरतारी. रंग बदलला, भाव नाही.

तोच लाजवर्द अजिंठ्यातही आला होता. तिथले बाकीचे रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा आणि काजळी, सगळे जवळपास मिळणारे. निळा तेवढा परदेशी. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी पाहताना हे ध्यानात ठेवा की निळा जिथे जिथे लागलाय तिथे चित्रकाराने खर्च केलेला आहे, आणि खर्च कुणी उगाच करत नाही. चेहरा झुकलेला, पापण्या खाली, हातात कमळ. नाकाच्या दांड्यावर, ओठावर, हनुवटीवर उजळ रंगाचे फटकारे आहेत. लेण्याच्या अंधारात तेवढ्याने चेहरा भिंतीतून पुढे येतो. त्याच्या जवळच सावळ्या वर्णाची, दागिन्यांनी मढलेली एक स्त्री आहे. गोरा म्हणजे थोर आणि काळा म्हणजे हलका हा आपल्या लग्नाच्या जाहिरातींचा रंगकोश त्या भिंतीला लावायला गेलात तर तोंडावर पडाल. ज्या महाराष्ट्राचा देव विटेवर काळा उभा आहे तिथे हे सांगावं लागतं, ही गंमतच.

रिवाजाची आणखी एक फसवणूक एकाच बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांची. मुघल आणि दख्खनी लघुचित्रांत राजेसरदार बहुधा कडेने रंगवलेले असतात. त्यात काही लपवाछपवी नाही, तोंड वळवणंही नाही. ती दरबारी पद्धत होती. शिवाजी महाराजांचं समकालीन परंपरेतलं जे चित्र इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये डच साधनांतून पुढे आणलं, तेही याच पद्धतीतलं. त्याआधी भलत्याच माणसाचा चेहरा महाराजांचा म्हणून छापला जात होता. तेव्हा भाव वाचण्याआधी माणूस कोण आहे हे नक्की करावं, हे ओघाने आलंच.

या तीन चाळण्यांतून गेल्यावर जे हाती राहतं त्यात खरी मजा असते. चित्रकार मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रांत पांढरी साडी आहे, तिचे निळे काठ आहेत, मांडीवर मूल आहे, आणि पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. आता चाळण्या लावा. उजेडाने हा काळोख येत नाही, कारण साडी लख्ख आहे. रंग उडालेला नाही. रिवाज तर मुळीच नाही. निळे काठ हे मदर तेरेसांच्या संस्थेतल्या धर्मभगिनींचे, ते ओळख पटवतात. म्हणजे चेहरा न काढताही कोण आहे ते कळतं. उरलेला काळा चित्रकाराचा स्वतःचा. हुसेन जेमतेम दीड वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही, असं ते सांगत. हे माहीत झाल्यावर तो काळा मृत्यूचा राहत नाही, भीतीचाही राहत नाही. तिथे कुणाचीही आई बसू शकते, म्हणून जागा मोकळी ठेवली आहे, असं मी तरी वाचतो. तुम्ही वेगळं वाचाल. पण दोघांनाही पांढरी साडी, निळे काठ आणि तो रिकामा पदर यांचा हिशोब द्यावा लागेल.

चरित्र वापरताना मात्र हात जरा आखडता घ्या. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा 1924 मध्ये गोव्यातल्या सालिगावात जन्मले. त्यांच्या 'हेड्स' या चेहऱ्यांच्या चित्रांमध्ये डोळे कपाळावर चढलेले, नाक नळीसारखं, दात करवतीसारखे आणि गालांवर आडव्या-उभ्या रेघांचे फराटे. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या, म्हणून हे फराटे म्हणजे देवीचे व्रण, असं कुणी म्हटलं तर ऐकायला छान वाटतं. पण त्याच रेघा ते इमारतींवर आणि झाडांवरही ओढत. मग चर्चमधल्या काटेरी मुकुटाच्या, बाणांनी विंधलेल्या संतांच्या प्रतिमा, त्यांच्या जाड काळ्या कडा, काचचित्रांतली शिशाची पट्टी हे सगळं जास्त जवळचं वाटतं. 1965 च्या सुमारास तर त्यांनी काळ्यावर काळा जाड रंग थापून चित्रं केली. समोर उभं राहिलात तर काही दिसत नाही; दोन पावलं बाजूला सरकलात की उजेड रंगाच्या चरांवर पडतो आणि चेहरा उमटतो. अशा चित्राचा फोटो पाहून 'काळा म्हणजे निराशा' लिहिणं म्हणजे न जेवता जेवणाला नावं ठेवणं.

प्रतीक प्रत्येक वेळी कमळ, मुकुट, कवटी असंच येतं असं नाही. शेजारच्या ठाण्यात राहणारे चित्रकार सुधीर पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट होते आणि त्यांची माणसं आपल्यासारखीच, उपनगरातली. अशा चित्रांत चेहऱ्यामागे जे असतं ते वाचायचं: वाढत्या इमारती, पूल, रस्ता, मजुरीला निघालेली गर्दी. चेहऱ्यावर सिमेंटचा करडा उतरलेला दिसला तर तो त्या गावाचा रंग आहे. विरार लोकलने रोज जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. अंगावरच्या खुणाही तशाच: कपाळावर आडवी चिरी आहे की गोल कुंकू, नथ कोणत्या घडणीची, टोपी की पागोटं, गळ्यात क्रूस की काळे मणी. यांतली एकेक खूण माणसाला गाव, जात, धर्म आणि काळ देते. मराठी वाचकाला त्या घरातूनच माहीत असतात. इंग्रजी पुस्तकं वाचून चित्र पाहायला शिकलेले लोक नेमकं हेच वापरायचं विसरतात.

लिहायची वेळ आली, प्रकल्पासाठी म्हणा किंवा स्वतःच्या वहीत, तर 'निळा रंग शांततेचं प्रतीक आहे' अशी वाक्यं करू नका. आधी काय दिसतं ते लिहा, मग ते कशाच्या शेजारी आहे ते, मग आपल्याला काय वाटलं ते. 'साडी उजळ आहे, तिच्या आतला चेहरा मात्र काढलेलाच नाही, म्हणून माझी नजर पुन्हापुन्हा त्या रिकाम्या जागेकडे जाते' या वाक्यात 'प्रतीक' हा शब्द नाही आणि तरी अर्थ लागलेला आहे. असं वाक्य परीक्षकालाही खोडता येत नाही.

आईबाबांसाठी एक वेगळी सूचना. मुलाने चेहरा काळा किंवा जांभळा रंगवला म्हणून घाबरून जाऊ नका. पेटीत तेवढाच खडू धड उरला असेल. विचारा, 'हे कोण आहे?' 'असं का?' विचारू नका. त्याचं उत्तर मुलं मोठ्यांना आवडेल असं देतात.

आणि मूळ चित्रं पाहायला मात्र चर्चगेटची गाडी धराच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रंही आहेत आणि टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रंही, म्हणजे कडेने रंगवलेला चेहरा आणि समोरून रंगवलेला चेहरा एकाच फेरीत पाहता येतो. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि जहांगीर आर्ट गॅलरी तिथून पायी. भिंतीवर काय टांगलेलं असेल ते बदलत राहतं, त्यामुळे ठरवून एखादं नाव शोधायला जाऊ नका. समोर येईल त्या तीनच चेहऱ्यांपुढे थांबा आणि प्रत्येकाला किमान दहा मिनिटं द्या. भोक पाडलेला कागद खिशात ठेवा. पेन नको, पेन्सिल न्या. आधी समोरून पाहा, मग डावीकडून, मग उजवीकडून, आणि शेजारची पाटी सगळ्यात शेवटी वाचा. नॅशनल गॅलरी सोमवारी बंद असते.